स्वयंपाकघराची हद्द

नाना ढोमसे पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले तेव्हा मला वाटलं, बाहेर कुणीतरी शतपावली करतंय. दार किलकिलं करून पाहिलं, तर एक उंच, काटकुळे म्हातारे गृहस्थ भिंतीला टाच लावून मोजून एकेक पाऊल टाकत होते आणि ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत होते. बाकावरचे पेशंट पाय वर घेऊन त्यांना वाट देत होते. समोरच्या भिंतीशी पोचल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “मॅडम, तुमची ही भिंत सरळ नाय. तिकडून इकडं येईस्तोवर अर्धा फूट शेजाऱ्याकडं सरकलीय. त्याला सांगू नका.”

गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे आणि शेजारी झेरॉक्सचं दुकान. पुढे रंगकाम काढलं तेव्हा मी मुद्दाम टेप लावून पाहिली. भिंत नाना म्हणाले तेवढीच सरकलेली निघाली. शेजाऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.

नाना जमीन मोजणारे सरकारी मोजणीदार होते. दिंडोरीपासून पेठपर्यंत आणि शेवटची काही वर्षं मालेगावला, असं सगळं आयुष्य त्यांनी लोकांच्या बांधावर उभं राहून काढलं होतं. सख्खे भाऊ वीतभर मातीसाठी एकमेकांची डोकी फोडताना त्यांनी पाहिले होते, आणि त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं. “ज्याची हद्द ठरली नाय, त्याचं भांडण ठरलेलं,” हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं त्याहून लाडकं होतं, “खूण जितेपणी रोवायची. माणूस गेला की दगड आपोआप हलतात.”

त्या दिवशी तपासायला बसवल्यावर मी विचारलं, “काय होतंय?”

“काय बी होत नाय. दाखला पायजे. माझं डोकं ठिकाणावर हाय असा.”

मृत्युपत्र करायचं होतं. आमच्या चौकातल्या वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की सत्तरी उलटली आहे, तर डॉक्टरांचा दाखला जोडा, म्हणजे मागाहून कुणी म्हातारा भ्रमिष्ट होता असं म्हणायला नको. मी रीतसर प्रश्न विचारले. वार, महिना, शंभरातून सात वजा. नानांनी सगळी उत्तरं दिली आणि वर न विचारलेलं एक जास्तीचं दिलं. “माझ्या दारापासून तुमच्या पायरीपर्यंत चारशे बारा पावलं. तपासून घ्या.” मी ते गमतीनं केसपेपरवर लिहून ठेवलं.

मृत्युपत्र कुणाला दाखवू नका, असं वकिलांनी त्यांना बजावलं होतं. नानांनी ते दाखवायलाच आणलं होतं. त्यांची इस्टेट म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. त्यांनी त्या फ्लॅटचा नकाशा काढला होता. वर उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण, तीन खोल्यांना तीन रंग. खाली सरकारी वळणाच्या सुरेख अक्षरात चतुःसीमा. हॉल मुलाला, संदीपला. बेडरूम मुलीला, कल्पनाला. स्वयंपाकघर पत्नी द्वारकाबाई हिला. संडास-बाथरूम सामाईक वहिवाटीचं. गॅलरी त्यांनी चक्क गायरान ठेवली होती.

मी हसले. वकील तर म्हणे डोक्याला हात लावून बसले होते. फ्लॅटचे असे तुकडे पडत नाहीत, कोर्टात गेलं तर याचा काय अर्थ लावतील ते मलाही सांगता येणार नाही, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं आणि शेवटी टाइप करायला नकार दिला. म्हणून नानांनी हातानं लिहिलं.

“नाना, सरळ सगळं काकूंच्या नावे करा आणि मोकळे व्हा,” मी म्हटलं.

“तसं नसतंय मॅडम. बाईच्या नावावर सगळं केलं की सगळे तिच्यामागं लागतात. इथं सही कर, तिथं अंगठा दे. बारका तुकडा कुणी मागत नाय. अन् स्वयंपाकघरात कब्जा तिचाच हाय, चाळीस वर्षांचा. मी फक्त नोंद घेतोय.”

मी दाखला दिला. वेडेपणा आणि डोकं ठिकाणावर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तर मला कळत होतं.

त्यानंतर दर दिवाळी झाली की नाना नव्या मृत्युपत्रासाठी नवा दाखला घ्यायला येत. नवं केलं की आधीचं रद्द. संदीप पुण्याहून येऊन चार दिवस राहिला तर त्याला बेडरूम मिळे. फोनवरच भागवलं तर तो हॉलमध्ये ढकलला जाई आणि बेडरूम कल्पनाकडे जाई. स्वयंपाकघर मात्र कधी हललं नाही. पावलांचा आकडाही मी दर वर्षी विचारी. चारशे बाराचे साडेचारशे झाले, मग पाचशेच्या वर गेले. नानांचं पाऊल आखूड होत चाललं होतं. ते म्हणत, “महापालिकेनं रस्ता वाढवला.”

एका पाडव्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी आणि उडदाचं घुटं होतं. तिथे पाहिलं तर प्रत्येक खोलीच्या चौकटीवर, कमरेच्या उंचीला, तांबड्या तेलरंगाचा एकेक ठिपका. हद्दीच्या खुणा. द्वारकाकाकू भाकरी वाढत म्हणाल्या, “बघितलं का डॉक्टरताई? रंगवलेलं घर ह्यांनी घाण केलं. माझ्या वाटणीला भांडी आली म्हणायची.” नाना खाली मान घालून जेवत होते. मग एकदम म्हणाले, “हिच्या बापाच्या जमिनीची मोजणी मीच केली. हिनं भावाला हक्क सोडून दिला साडी-चोळीवर. बहिणीला बांधावर उभं करत्यात अन् भावाला शेतात. म्हणून माझ्या घरात हिची हद्द मी लिहून ठेवली.” काकू म्हणाल्या, “माहेर राहिलं ना मला. जेवा आता.” तेव्हा मला ते ठिपके पहिल्यांदा शहाणपणाचे वाटले. घरी येईपर्यंत पुन्हा वेडेपणाचे वाटू लागले.

मागच्या दोन वर्षांत नानांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गोळ्या, मग गल्ली. एकदा भाजीवाल्याच्या गाडीभोवती ते चारी बाजूंनी पावलं मोजत होते आणि त्याला सातबारा मागत होते. मी औषधं सुरू केली, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. कधी दिवस चांगला जाई, कधी वाईट. संदीपचा मला पुण्याहून फोन आला. मुलगा सज्जन, बोलणं सरळ. “डॉक्टर, एक विनंती आहे. बाबांना आता कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. कुणीही फसवेल त्यांना.” यात चुकीचं काहीच नव्हतं. मी हो म्हटलं. त्याआधी, दिवाळीला दिलेला दाखला शेवटचा ठरला, आणि तोही मनात चलबिचल होऊनच दिला होता. त्यात बेडरूम कल्पनाला, हॉल संदीपला आणि स्वयंपाकघर अर्थातच काकूंना होतं.

मग फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी नाना एकटेच आले. काखेत नकाशाची गुंडाळी. समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, मोजणी चुकली.”

खेड्यात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. मी साडी नेसलेली, गळ्यात स्टेथोस्कोप. “कुठली मोजणी, नाना?”

“माझ्याच हातची. काल सांजच्याला ती हॉलमधी टीव्ही बघत बसली होती. मी बघितलं अन् नकाशाच काढला. ती दुसऱ्याच्या हद्दीत बसलीय. उद्या कुणी ऊठ म्हणलं तर?”

“कोण म्हणणार आहे काकूंना ऊठ?”

“कुणी बी म्हणतं. बांधावर लय पाहिलेत मी.” त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि तीन रंगांवरून हात फिरवला. “एकत्रीकरण करायचं. चारी बाजूंनी तिचंच. मधी एक बी रेघ नको. तुम्ही नोंद धरा.”

विखुरलेले तुकडे जोडून एक गट करणं, याला त्यांच्या खात्यात एकत्रीकरण म्हणतात. मला ते नीट कळलं होतं. न कळल्याचं सोंग मी आजही करू शकत नाही. इतक्या वर्षांत जे मी सांगत होते तेच ते आता म्हणत होते. पण म्हणत होते मला तलाठी समजून.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. वार? गुरुवार. महिना? “आता द्राक्षाची छाटणी चालू असंल ना, म्हंजे ऑक्टोबर.” फेब्रुवारीत छाटणी नसते, माल तोडणीला आलेला असतो, दिंडोरीच्या माणसाला हे सांगावं लागू नये. शंभरातून सात? ते नुसते हसले. मग मी विचारलं, घरात कोण कोण आहे? “द्वारका. पोरगा पुण्याला, पोरगी मालेगावात दिलेली.” तुमचं काय काय आहे? “एक फ्लॅट. बाकी टोपी.” तो कुणाला द्यायचा? “सांगितलं ना. सगळा तिला.” मृत्युपत्र करणाऱ्याला आपलं काय आहे, आपलं कोण आहे आणि आपण काय करतोय एवढं कळलं की पुरे, असं वकील मला एकदा म्हणाले होते. वार त्यात येतो की नाही हे मी त्यांना विचारलं नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, “नाना, घरापासून इथवर पावलं किती?”

“चारशे बारा.”

मी पेन खाली ठेवलं. हा पहिल्या वर्षीचा आकडा. दिवाळीत त्यांना साडेपाचशे पावलं लागली होती, आणि आता तर पाय घासतच चालत होते. म्हणजे ते न मोजता जुनंच बोलत होते. पण अंतर म्हणाल तर तेच होतं, रस्ता काही वाढला नव्हता. त्या एका आकड्यावरून मी दोन्ही सिद्ध करू शकले असते, नाना पूर्ण शुद्धीत आहेत हे आणि नाना इथे नाहीतच हेही.

मला भीती वाटली, हे इथे लिहून टाकते. काही वर्षांपूर्वी अशाच एका दाखल्यावरून मला कोर्टात उभं केलं होतं. त्या दिवशी पेशंटनं वार कोणता सांगितला, या एका प्रश्नावर समोरच्या वकिलांनी मला घामाघूम केलं होतं. शिवाय संदीपला दिलेला शब्द होता. मी म्हटलं, “नाना, सोमवारी या. वकिलांनाही बोलावू, सगळं नीट करू.” सोमवारपर्यंत एखादा चांगला दिवस येईल, असा माझा हिशेब होता.

नानांनी नकाशा सावकाश गुंडाळला. “पुढची तारीख,” ते म्हणाले. “मी बी लय जणांना दिलीय.” आणि भिंतीच्या कडेनं पावलं टाकत निघून गेले. त्या वेळी त्यांचा आवाज इतका शहाणा होता की मी उठून दारापर्यंत गेले. पण बाहेर सात पेशंट होते.

शनिवारी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दीड महिना ते अंथरुणावर होते. मी रोज जायची. ते माझ्याकडे बघत आणि डाव्या हाताचं बोट चादरीवर सरळ रेषेत ओढत. रेघ काढत होते की पुसत होते, मला सांगता येत नाही. एका पहाटे ते गेले.

मग दिवाळीचं मृत्युपत्र उघडलं. तेराव्यानंतर आठ दिवसांत कल्पनानं आपली बेडरूम भावाला हक्कसोड लिहून दिली. मी तिला म्हटलं, “अगं, बाबांनी तुला मुद्दाम दिली होती.” ती म्हणाली, “मला काय करायची ताई तिथं खोली? माहेर तुटायला नको.” तिच्या आईचंच वाक्य, फक्त एक पिढी नवीन. संदीपनं बहिणीला भारी पैठणी घेतली आणि आईला सांगितलं, “आई, तू निवांत राहा. घर तुझंच आहे.” तो मनापासूनच बोलला. मग पुण्याला गेला.

काकूंचं ब्लडप्रेशर दर महिन्याला मी बघायची. दोन महिने त्या आल्या नाहीत, म्हणून एके दुपारी मीच गेले. काकूंनी दार उघडलं आणि मला हॉलमधून सरळ आत नेलं. सोफ्यावर चादर घातलेली होती, टीव्हीवर कापड. फरशी मात्र लख्ख पुसलेली. स्वयंपाकघरात फ्रीज आणि ओट्याच्या मध्ये एक लोखंडी पलंग कसाबसा बसवला होता. उशाशी गोळ्यांचा डबा, पायाशी गॅसचं सिलिंडर. खिडकीत नानांचा फोटो, मसाल्याच्या बरण्यांच्या रांगेत.

“काकू, हे काय?”

“काय म्हंजे? माझी हद्द.” त्यांनी मला स्टूल दिलं आणि चहाचं आधण ठेवलं. “झाडून-पुसून घेते मी रोज तिकडचं. पण बसायचं कशाला? संदीपचं हाय ते.”

“संदीप काही म्हणाला का?”

“छ्या. तो तर रागावतो. आई, हॉलमधी झोप म्हणतो. पण ह्यांनी मोजूनमापून दिलंय ना. ह्यांची मोजणी कधी चुकली नाय.”

त्या वाक्यानं मला स्टुलावर बसवेना. माझं आधीच वकिलांना विचारून झालं होतं. नाना मला तोंडी काय म्हणाले त्याला काडीची किंमत नाही, असं ते म्हणाले होते. मुलानं बाहेर काढलं तर आई प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते, कायदा तिच्या बाजूनं आहे, हेही म्हणाले होते. पण काकूंना कुणी बाहेर काढलंच नव्हतं. अर्ज करायचा तो कुणाविरुद्ध? भिंतीवरच्या तांबड्या ठिपक्याविरुद्ध तर कुठल्या कचेरीत अर्ज घेत नाहीत.

मी म्हटलं, “काकू, नाना माझ्याकडे आले होते. झटका येण्याआधी, मंगळवारी.”

आणि सगळं सांगितलं. मोजणी चुकली म्हणाले ते. टीव्ही बघताना तुम्हाला पाहून नकाशा काढला ते. चारी बाजूंनी तिचंच, मध्ये एक रेघ नको, ते. मी सोमवारी या म्हणाले, तेही सांगितलं. चहा उतू चालला होता, पण काकूंचं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी गॅस बंद केला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “सगळं मला म्हणाले?”

“हो.”

“त्या टायमाला लय भरकटायचे हो ते. एकदा मलाच विचारलं, बाई तुमचा गट नंबर काय.” त्या वळल्या आणि माझ्याकडे नीट बघत विचारलं, “शुद्धीत होते का? खरं सांगा. तुम्ही डॉक्टर हायत.”

दवाखान्याच्या खणात तो केसपेपर आहे. वार चुकला, महिना चुकला, मला भाऊसाहेब म्हणाले, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. त्याखाली फक्त ‘४१२’, आणि त्यापुढे मी केलेलं प्रश्नचिन्ह.

“हो काकू,” मी म्हटलं. “पूर्ण शुद्धीत होते.”

मी खरं बोलले की खोटं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मंगळवारी ठरवता आलं असतं तर एक कागद झाला असता. आता त्या दाखल्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता, फक्त समोर उभ्या असलेल्या बाईला होता.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. उरलेला चहा दोन कपांत गाळला आणि दोन्ही कप घेऊन चौकटीपाशी थांबल्या. ठिपक्याकडे एकदा पाहिलं. “चला, बाहेर बसू,” म्हणाल्या, “इथं उकडतंय.” हॉलमध्ये येऊन त्यांनी सोफ्यावरची चादर बाजूला केली. आधी कडेला टेकल्या, पाहुण्यासारख्या. मग हळूहळू मागे सरकल्या, पाय वर घेऊन मांडी घातली, चहाचा घोट घेतला आणि टीव्हीवरच्या कापडाकडे हात करून मला म्हणाल्या, “ते काढा जरा. अन् रिमोट द्या इकडं.”